नौरस : एका पक्ष्याच्या ओळखीचा इतिहास

उर्दू माध्यमाच्या वर्गात समुद्राचा विषय निघाला की लाटांवर उडणाऱ्या पांढऱ्या पक्ष्याला मुले 'समंदरी बगला' म्हणतात. उर्दू वर्तमानपत्रांतही 'बहरी बगला' हाच शब्द वाचायला मिळतो. आता बगळा म्हणजे लांब पायांचा, लांब मानेचा, पाण्यात एका जागी तासन्‌तास उभा राहणारा पक्षी. समुद्रावरचा हा पक्षी आखूड पायांचा, बदकासारखा पाण्यावर तरंगणारा आणि सदैव भांडणारा. दोघांत साम्य काय, तर दोघेही पांढरे. मराठीत या पक्ष्याला 'कुरव' असे नाव पक्षितज्ज्ञांच्या लिखाणात रूढ आहे. हिंदीत 'धोमरा' असा एक जुना शब्द आहे. पण आपल्या सातारा-सांगलीकडच्या बोलीत यापैकी काहीच नाही. आपण 'समुद्रपक्षी' म्हणून मोकळे होतो. समुद्रच नाही, तिथे समुद्राच्या पाखराला वेगळे नाव कशाला लागेल?

अरबीत मात्र त्याला फार जुने नाव आहे, नौरस. नून, वाव, रे, सीन. मिरजेच्या वाचकाला ही चार अक्षरे ओळखीची वाटतील. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने (कारकीर्द १५८० ते १६२७) आपल्या गीतांच्या ग्रंथाला 'किताब-ए-नौरस' म्हटले आणि नव्या शहराचे नाव नौरसपूर ठेवले. त्या वेळी मिरज आदिलशाहीतच होती. बादशहाचा 'नौरस' म्हणजे नवरस. त्याचा या पक्ष्याशी संबंध नाही. लिहायची अक्षरे तेवढी एकच आहेत. असो.

या पक्ष्याची ओळख कोणी, कधी आणि कशाच्या आधारे पटवली, हे या लेखात पाहायचे आहे. पक्ष्यांचा विषय निघाला की आपल्या समाजात डॉ. सलीम अलींचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि तिथेच विषय संपतो. त्यांच्या आधी काय होते, त्यांच्या बरोबर कोण होते, आणि 'ओळखणे' म्हणजे नेमके काय करणे, याची चर्चा होत नाही. अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या माणसांनी मिळून केलेले हे काम आहे आणि त्याचा धागा साडेसहाशे वर्षे मागे जातो.

तो धागा कैरोत सुरू होतो. कमालुद्दीन दमीरी हे चौदाव्या शतकातले इजिप्तचे आलिम. सुरुवातीला ते शिवणकाम करून पोट भरीत, पुढे अल्-अजहरमध्ये शिकवू लागले. हिजरी ७७३ मध्ये, म्हणजे इसवी सन १३७१-७२ च्या सुमारास, त्यांनी 'हयात-उल-हैवान' हा प्राण्यांचा कोश पुरा केला. रचना अक्षरानुक्रमे. प्रत्येक प्राण्याचे नाव, त्या नावाची व्युत्पत्ती, प्राण्याचे वर्णन, त्याच्याविषयीच्या म्हणी, तो हलाल की हराम याचा हुकूम, औषधी उपयोग आणि शेवटी तो स्वप्नात दिसला तर त्याचा अर्थ. आजच्या वाचकाला स्वप्नांचा भाग वाचून हसू येईल. पण हुकूम सांगायचा तर आधी प्राणी नेमका कोणता हे ठरवावे लागते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याची ओळखच पक्की नाही, त्याच्याबद्दल फतवा कसला देणार? फिकहच्या गरजेतून प्राण्यांची ओळख पटवण्याची एक शिस्त आपल्याकडे तयार झाली होती. ती शिस्त आपण विसरलो आणि फक्त हुकूम लक्षात ठेवले, असे माझे मत आहे.

या कोशात 'जुम्मज-उल-मा' या नावाखाली एका पाणपक्ष्याची नोंद आहे. इजिप्तमध्ये त्याला नौरस म्हणतात, असे दमीरी सांगतात. पक्षी पांढरा, आकाराने कबुतराएवढा किंवा त्याहून मोठा. हवेत उंच जातो, मग स्वतःला पाण्यात झोकून देतो आणि मासा उचलतो. मेलेल्या जनावरावर बसत नाही, माशांखेरीज काही खात नाही. आणि तो खाण्यास हलाल आहे.

नोंद चार-दोन ओळींची आहे, पण ती तपासून पाहण्यासारखी आहे. 'कबुतराएवढा किंवा मोठा' हे ओळखीचे माप झाले, आणि ते चांगले माप आहे. 'पांढरा' हेही खरे. पुढे मात्र घोटाळा आहे. कुरव क्वचितच पाण्यात सूर मारतो. तो पाण्यावर उतरतो, वरवरचे उचलतो, कोळ्यांच्या जाळ्यातले पळवतो, बंदरावरची आतडी-कोतडी खातो. मेलेले, सडलेले त्याला वर्ज्य नाही. उंचावरून नेम धरून पाण्यात झोकून देणारा, ताज्या माशांवर जगणारा पांढरा पक्षी वेगळा. त्याला मराठीत 'सुरय' म्हणतात. सुरयाची चोच सरळ आणि टोकदार, पंख चिंचोळे, शेपटी बहुधा दुभंगलेली. कुरवाची चोच जाडसर आणि टोकाशी किंचित वाकलेली, पंख रुंद, शेपटी सरळ कापल्यासारखी. म्हणजे दमीरींच्या नोंदीत नाव कुरवाचे आणि वागणूक सुरयाची, असे झाले आहे. दोन पक्षी एका नावाखाली गेले. पण तुम्ही-आम्ही आज समुद्रावर जाऊन तेच करतो, आणि आपल्याकडे तर पुस्तके, दुर्बिणी सगळे असते.

दमीरींचा हा ग्रंथ इंग्रजीत कोणी नेला? इथे आपल्या मराठी मुलखाचा संबंध येतो आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. अनुवादकाचे नाव लेफ्टनंट कर्नल आत्माराम सदाशिव जयकर. मुंबईचा हा मराठी डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात अनेक वर्षे मस्कतला ब्रिटिश एजन्सीचा सर्जन होता. रोग्यांना तपासता तपासता त्याने ओमानची बोली शिकली. १८८९ साली तिच्यावर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला, ओमानच्या म्हणी जमवल्या. किनाऱ्यावरचे मासे, डोंगरातले सरडे, साप, जनावरे गोळा करून तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवीत असे. ओमानच्या डोंगरात एक रानबोकड आहे. १८९४ साली ओल्डफील्ड थॉमस या शास्त्रज्ञाने त्याला 'जयकरी' हे नाव दिले ते या डॉक्टरावरूनच. एका सरड्याला, एका वाळूतल्या सापाला आणि एका समुद्रघोड्यालाही त्याचे नाव आहे. एका मराठी माणसाचे नाव अरबस्तानच्या इतक्या जिवांना चिकटलेले असावे आणि आपल्या पाठ्यपुस्तकात त्याचा उल्लेख नसावा, याचे नवल वाटते.

जयकरांनी केलेल्या 'हयात-उल-हैवान'च्या अनुवादाचे भाग १९०६ आणि १९०८ साली लंडन आणि मुंबईतून प्रसिद्ध झाले. ग्रंथ पुरा छापून आला नाही, पण जेवढा आला त्यात कष्ट दिसतात. अरबी नावापुढे तो प्राणी आजच्या शास्त्रात कोणता, हे ठरवण्याची धडपड त्यांनी केली. ग्रंथ कैरोचा, अनुवादक मुंबईचा हिंदू डॉक्टर, आणि त्याची अरबी पक्की झाली ती मस्कतमध्ये. मस्कत आणि रत्नागिरी या दोन्ही किनाऱ्यांवर हिवाळ्यात कुरव येतात. जयकरांनी ते रोज पाहिले असणार.

आता या किनाऱ्यावर येऊ. आपल्या कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात जे कुरव येतात त्यांत नेहमी दिसणारे दोन, तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. पैकी तपकिरी डोक्याच्या कुरवाला शास्त्रात नाव मिळाले तेच मुळी आपल्या बाजूच्या समुद्रावरून. थॉमस जर्डन हा मद्रास सैन्यातला सर्जन. दक्षिण हिंदुस्थानच्या पक्ष्यांची यादी तो मद्रासच्या एका नियतकालिकात क्रमशः छापत होता. त्यात १८४० साली त्याने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या पक्ष्याला 'लॅरस ब्रुनिसेफॅलस' म्हटले, म्हणजे तपकिरी डोक्याचा. दुसऱ्याला लिनियसने १७६६ सालीच 'रिडिबंडस' हे नाव दिले होते. त्याचा अर्थ हसणारा. आवाजावरून दिलेले नाव. अलीकडे जनुकांच्या अभ्यासानंतर, २००५ च्या सुमारापासून, हे दोघे 'लॅरस'मधून काढून वेगळ्या कुळीत घातले गेले. त्या कुळीच्या नावाचा अर्थही 'रंगीत डोक्याचा' असाच आहे.

गंमत अशी की ज्या डोक्यावरून ही सारी नावे पडली, ते रंगीत डोके आपल्याला सहसा दिसतच नाही. डोक्यावरचा गडद रंग हा विणीच्या हंगामातला पोशाख. तपकिरी डोक्याचा कुरव वीण घालतो लडाख, तिबेट आणि पामीरच्या उंच सरोवरांवर. लडाखमधल्या त्सो मोरीरी भागात त्याची घरटी असतात. हिवाळ्यात तो आपल्याकडे येतो तेव्हा डोके पांढरे झालेले असते आणि डोळ्यामागे काजळ फिसकटल्यासारखा एक डाग तेवढा उरतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचेही तेच. शिवाय त्याचे डोके काळे नसतेच. उन्हाळी पोशाखातही ते गडद चॉकलेटी असते. म्हणजे एकाचे नाव तपकिरी, दुसऱ्याचे काळे. डोकी दोघांचीही तपकिरीच, आणि आपल्या दारात येतात तेव्हा दोघेही पांढऱ्या डोक्याचे. नावाने ओळखायचे की खुणांनी, हा प्रश्न आपल्या समाजाला काही नवा नाही. पण तो विषय इथे नको.

मग ओळखायचे कसे? जे ऋतूबरोबर बदलत नाही ते पाहायचे. पहिली खूण डोळा. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिका, पिवळट पांढरा असतो, त्यामुळे त्याची नजर रागीट वाटते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद, चेहरा गरीब. दुसरी खूण पंखाचे टोक. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पंख टोकाशी रुंद काळे असतात आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके चमकतात. इंग्रज निरीक्षक या ठिपक्यांना आरसे म्हणतात आणि शब्द चपखल आहे. दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड लांब पांढऱ्या पाचरीसारखी दिसते आणि काळा रंग पंखाच्या टोकाला केवळ काठासारखा असतो. तिसरी खूण आकार. तपकिरी डोक्याचा जरा थोराड, साधारण डोमकावळ्याएवढा. चोच जाड, लाल, टोकाला काळपट. पाय लाल. पहिल्या वर्षाची पोरे मात्र फसवतात. त्यांचा डोळा गडद असतो, पंखावर आरसे नसतात आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी असते. तिथे आकार, चोच आणि पंखाचा एकूण रंग यांवरच भिस्त ठेवावी लागते.

त्यांच्याबरोबर कधी एखादा भला थोरला कुरव बसलेला दिसतो. घारीला भारी पडेल असा, पिवळ्या जाड चोचीवर काळा-लाल पट्टा असलेला. तो पॅलासचा कुरव, मध्य आशियातून येणारा. करड्या गडद पाठीचे, पिवळ्या पायांचे, चोचीवर लाल ठिपका असलेले आणखी एक मोठे कुरव असतात. त्यांच्या जातीबद्दल पक्षिशास्त्रज्ञांतच इतके वाद झाले आहेत की आपण त्यात न पडलेले बरे.

आणि आवाज. हा भाग लिहायला सर्वांत अवघड. तपकिरी डोक्याच्या कुरवाचा आवाज कर्कश, घोगरा, कावळ्याची आठवण करून देणारा. 'क्रीऽआ' असे काहीसे लिहिता येईल. काळ्या डोक्याच्या कुरवाची हाक त्याच वळणाची, पण थोडी बारीक आणि वरच्या पट्टीतली. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. देवनागरी काय, नस्तालीक काय, लिपीला इथे मर्यादा पडते आणि कानालाच काम करावे लागते. कान तयार करणे म्हणजे काय, हे मिरजेच्या माणसाला समजावून सांगायला नको. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले मानाचे नाव. तंबोऱ्याच्या जवारीखाली सुताचा धागा किंचित सरकवून स्वर कुठे खुलतो हे ठरवणाऱ्या कारागिराला कोणते यंत्र लागत नव्हते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले, तेही याच गावच्या कानांमध्ये. दोन कुरवांच्या हाकांतला फरक जवारीतल्या फरकाएवढा सूक्ष्म नाही. दहा-वीस वेळा लक्ष देऊन ऐकले की तो कळतो. सुरयाचा आवाज तर अगदीच निराळा, तीक्ष्ण, तुटक, 'किऊक किऊक' असा. डोळे मिटूनही चुकू नये.

जर्डननंतर किनाऱ्याचे पक्षी मोजणाऱ्यांत जी. डब्ल्यू. विडाल हे नाव महत्त्वाचे. हा रत्नागिरी जिल्ह्यात काम केलेला मुलकी अधिकारी. त्याची दक्षिण कोकणच्या पक्ष्यांची यादी १८८० साली ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात आली आणि रत्नागिरीच्या गॅझेटियरमध्येही त्याचे काम वापरले गेले. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखाची यादी त्याच नियतकालिकात दिली. दक्षिण मराठा मुलूख म्हणजे आपली सांगली, मिरज आणि खाली बेळगाव-धारवाडकडचा प्रदेश. म्हणजे आपल्या भागातल्या पाखरांची मोजदाद होऊन एकशे चाळीस वर्षे उलटून गेली आहेत. ह्यूम म्हणजे तोच, काँग्रेसच्या स्थापनेचा. इतिहासाच्या तासाला आपण त्याचे एवढेच शिकवतो. त्याने आयुष्यभर जमवलेल्या पक्ष्यांच्या टिपणांचे कागद नोकराने रद्दीत विकून टाकले आणि खचलेल्या ह्यूमने आपला प्रचंड संग्रह १८८५ साली, काँग्रेसच्या स्थापनेच्याच वर्षी, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

या याद्यांत साहेबांची नावे आहेत. साहेबांना पक्षी आणून देणारे, कातडी काढून भुसा भरणारे, कोणता पक्षी कुठल्या महिन्यात येतो हे सांगणारे शिकारी, कोळी आणि नावाडी यांची नावे अपवादानेच सापडतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मच्छीमारी करणारा दालदी समाज मुसलमान आणि घरात कोकणी बोलणारा. पाखरांचे थवे कुठे घिरट्या घालतात त्यावरून माशांचा मेळा कुठे आहे हे ओळखणे हा दर्यावर जाणाऱ्यांच्या रोजच्या धंद्याचा भाग. त्यांची ओळख पोटासाठी होती, दमीरींची हुकुमासाठी आणि विडालची यादीसाठी. छापले गेले ते शेवटचे.

यानंतर सलीम अली येतात. १८९६ साली मुंबईत जन्म, बालपणीच आई-वडील गेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी खेतवाडीत वाढले. पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण तिचा एक तपशील सांगताना गाळला जातो. चिमणी खाण्यासाठी मारलेली होती. गळ्यावर पिवळा डाग दिसला तेव्हा त्या मुलापुढे प्रश्न उभा राहिला की ही नेहमीची चिमणी नाही, तर मुसलमानाने ती खावी काय? मामांना सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले आणि तिथे कपाटांत भरलेले पक्षी त्या मुलाने प्रथम पाहिले. ही गोष्ट दमीरींशेजारी ठेवून वाचली म्हणजे तिचा अर्थ बदलतो. आधी ओळख, मग हुकूम. साडेपाचशे वर्षांपूर्वी कैरोत बसून जो प्रश्न विचारला गेला, तोच खेतवाडीतल्या एका मुलाने विचारला. फरक इतकाच की त्याला हुकुमापेक्षा ओळखीत अधिक रस वाटला.

सलीम अलींना आपल्या आधीच्या परंपरेची जाण होती. १९२७-२८ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर लेखमाला लिहिली. जहांगीरने सारसांची जोडी पाळून त्यांची वीण टिपून ठेवली होती. त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने सैबेरियन क्रौंचाचे चित्र काढले तेव्हा युरोपच्या शास्त्रात त्या पक्ष्याला नाव मिळायला दीडशे वर्षे अवकाश होता. त्या क्रौंचाला १७७३ साली नाव देणारा पॅलास तोच, ज्याचे नाव वरच्या थोराड कुरवाला आहे.

१९३० मध्ये जर्मनीतून शिकून परतल्यावर नोकरी गेली तेव्हा सलीम अली पत्नी तहमीना बेगम यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहिले. सुगरण पक्ष्याचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास तिथलाच. १९४१ साली त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' आले. त्यात प्रत्येक पक्ष्याचे माप आधी चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशा ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून दिलेले आहे. दमीरींचे 'कबुतराएवढा किंवा त्याहून मोठा' आठवावे. इंच-सेंटिमीटर शिकवून पक्षी ओळखता येत नाही, घरचा पक्षी शेजारी उभा करावा लागतो. हे दोघांनाही उमगले होते.

सलीम अलींच्या सावलीत राहिलेले दुसरे नाव हुमायून अब्दुलअली यांचे. जन्म १९१४, मृत्यू २००१. सलीम अलींचे नात्यातले. दोघांनी मिळून मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर १९३६ पासून लेखमाला लिहिली. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर सुरयांच्या वसाहती आहेत. तिथे जाऊन अब्दुलअलींनी १९४० च्या सुमारास त्यांच्यावर लेख प्रसिद्ध केले. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यपशू-पक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत त्यांचा हात होता. त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र सर्वांत कंटाळवाणे आहे. सोसायटीच्या संग्रहातला एकेक भरलेला पक्षी हातात घेऊन, त्याची चिठ्ठी वाचून, पंख, चोच, शेपटी मोजून त्यांनी त्या संग्रहाची सूची केली. १९६८ नंतर जवळजवळ तीन दशके ती हप्त्याहप्त्याने छापली जात होती. आज कोणी दुर्बिणीतून 'हा तपकिरी डोक्याचा' असे ठामपणे म्हणतो, तेव्हा त्या म्हणण्याखाली अशी मोजमापे असतात. महाराष्ट्र सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सलीम अलींचा. आमच्या शाळांतही फलक लागतात. मधल्या एखाद्या दिवशी अब्दुलअलींचे आणि जयकरांचे नावही घ्यायला हरकत नसावी.

आता शेवटी आपल्या कृष्णाकाठाकडे. समुद्राचा कुरव घाटावर येतो का? येतो. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेच्या फुगवट्यात हिवाळ्यात कुरव दरसाल दिसतात. विडाल आणि बटलरच्या काळी घाटावर असे पाणीच नव्हते. माणसाने समुद्रासारखे पाणी साठवले आणि समुद्राच्या पाखरांनी ते शोधून काढले. फलटण किंवा माणकडच्या शिक्षकांना भिगवणची सहल अवघड नाही. मुलांना घेऊन जावे आणि डोक्याकडे न पाहता डोळ्याकडे आणि पंखाच्या टोकाकडे पाहायला सांगावे. गेटवे ते मांडवा बोटीवर लोक कुरवांना वेफर्स आणि फरसाण फेकतात, तेवढे मात्र शिकवू नये. तळलेले, खारट खाणे त्या पाखरांचे अन्न नव्हे.

आणि सांगलीत आयर्विन पुलावरून किंवा हरिपूरच्या संगमावर जो पांढरा-राखाडी पक्षी पाण्यावर येरझारा घालताना दिसतो, ज्याला पाहून लोक 'अरे, समुद्रपक्षी इकडे कसा!' म्हणतात, तो कुरव नसतो. तो बहुधा नदी सुरय असतो. पिवळी चोच, उन्हाळ्यात काळीभोर टोपी, लाल पाय, लांब दुभंगलेली शेपटी. तो पाहुणा नाही, इथलाच आहे. बारा महिने नदीवर राहतो, नदीतच वीण घालतो. मार्च ते मे या महिन्यांत, पाणी उतरले की नदीपात्रातल्या वाळूच्या बेटावर उघड्यावर दोन-तीन अंडी घालतो. वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. त्याला घरटे नाही, वाळूतला एक खळगा एवढाच आसरा. ही वाळू उपसून बांधकामाला गेली तर अंडी घालायला जागा नाही. उन्हाळ्यात धरणातून एकदम पाणी सुटले तर अंडी वाहून जातात. २०२० मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघटनेने या सुरयाला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातले. 'समंदरी बगला' म्हणून आपण ज्याला सोडून देतो, त्याचे अंडे कुठे आहे हे विचारायला आपण जात नाही. समुद्राचा असता तर तो समुद्राकडे परत गेला असता. हा कृष्णेवरच राहतो. येत्या मार्चमध्ये पाणी उतरले म्हणजे हरिपूरच्या खालच्या अंगाला वाळू किती शिल्लक आहे, ते पाहून यावे.